साडेचारचं दुखणं

शकूकाकींच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं तेव्हा आमच्या गल्लीतल्या सात घरांनी रजेचे अर्ज टाकले. काकींच्या पाळणाघरात सात मुलं, त्यातलं एक माझं. नीरू तेव्हा दोन वर्षांची होती. तिच्या तोंडी 'काकी' हा शब्द 'आई'च्या आधी आला. मी हे कुणाला सांगत नाही. काकी सगळ्यांना सांगतात.

मिरजेत ज्या घरात डॉक्टर नाही त्या घरात निदान एक सिस्टर, एखादा कंपाउंडर, नाहीतर माझ्यासारखं कुणीतरी असतंच. मी फिजिओथेरपिस्ट. ऑपरेशन झालेल्यांच्या घरी जाते, त्यांचे गुडघे वाकवते, खांदे उचलते आणि शिव्या खाते. काकींचं ऑपरेशन झालं त्या हॉस्पिटलच्या यादीवर मी होतेच.

"माझा गुडघा दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायची नाही मी," काकींनी आधीच जाहीर केलं. "ही निदान रडून दाखवलं तर थांबेल."

"थांबणार नाही हं काकी."

"मग तुझ्या पोरीचा शिरा बंद!"

ऑपरेशन चांगलं झालं. चौथ्या दिवशी काकी घरी आल्या, त्या दंडाला शमन बांधून.

शमन हे त्या यंत्राचं कागदावरचं नाव. मिरजेत त्याला सगळे ताईत म्हणत, कारण ते दिसायचं तसंच आणि बांधायचंही दंडालाच. मोठ्या ऑपरेशननंतर अफूच्या जातीच्या वेदनाशामक गोळ्या घरी देणं तेव्हा नुकतंच बंद झालं होतं. गोळ्या उशाखाली साठायच्या, शेजारी जायच्या, ज्यांच्या नावावर नव्हत्या त्यांच्या पोटात जायच्या. ताईत कुणाला देता येत नव्हता, विकता येत नव्हता. त्याच्या खालच्या बाजूला केसाहून बारीक सुया असत. घाम, दोन ठोक्यांमधलं अंतर, स्नायूंचा ताठरपणा, श्वास, एवढं सतत मोजून तो शून्य ते शंभरमधला एक आकडा काढायचा. त्याला वेदनांक म्हणत. वेदनांक चाळिसावर गेला की औषधाचा सुईच्या टोकाएवढा थेंब आत जायचा. पेशंटला स्वतःहून हवं असेल तर अंगठा टेकवून मागायचं. अंगठा त्याचाच लागायचा. श्वास मंद झाला तर ताईत लाल व्हायचा आणि काही केल्या द्यायचा नाही. दिवसाला जास्तीत जास्त किती, ती मर्यादा डॉक्टर ठरवत. त्या मर्यादेच्या आत ताईत पेशंटकडून शिकत जायचा. वेदनांक आठवडाभर विसाच्या खाली राहिला, की निळा दिवा लावून आपणहून सांगायचा, आता मला काढा.

मला ते यंत्र मनापासून आवडलं होतं. अजूनही त्यात खोट काढायला गेले तर मला एकही सापडत नाही, हीच तर अडचण आहे.

या सगळ्या व्यवस्थेत माणसांचे दोन प्रकार होते. औषध लिहिणारे, म्हणजे डॉक्टर. आणि बाकी आम्ही: सिस्टर, औषध दुकानदार, फिजिओ, ड्रेसिंगवाले. आम्ही पाहणारे. औषधाला हात लावायचा अधिकार आम्हाला नव्हता आणि नसावाच. आम्हाला 'निरीक्षण' नोंदवता यायचं. तीन वेगवेगळ्या कामांतल्या तिघांनी एकाच पेशंटबद्दल निरीक्षण नोंदवलं, तर डॉक्टरांना त्या पेशंटला समोर बसवून तपासावंच लागे. एक किंवा दोन आली तर ती पडून राहत. कुणी काय नोंदवलंय ते आम्हाला एकमेकांचं दिसत नसे. पाहून लिहू नये म्हणून.

पहिल्या दिवशी मी काकींच्या पलंगाशी बसले आणि म्हणाले, "मी रोज पाचला येईन. तुम्ही साडेचारला अंगठा टेकवून ठेवत जा. म्हणजे व्यायामाला त्रास होणार नाही."

हे वाक्य मी त्याआधी चारशे जणांना तरी सांगितलं असेल. आम्हाला शिकवलंच तसं: दुखणं बधिर असतानाच सांधा हलवून घ्या. गोळ्यांच्या काळात ते बरोबर होतं. गोळ्यांचं पाकीट संपायचं, त्याबरोबर माझं वाक्यही संपायचं.

ताईत मात्र शिकत होता.

एकोणिसाव्या दिवशी काकींचा गुडघा नव्वद अंशात वाकला. त्यांनी मला शिव्या दिल्या, मग रडल्या, मग शिरा केला. सहाव्या आठवड्यात पाळणाघर उघडलं. नीरू दारातूनच "काकीऽऽ" करत धावली आणि त्यांच्या बऱ्या पायाला मिठी मारून बसली. तिला कुणी सांगितलं होतं कुठला पाय बरा ते, कोण जाणे. आठव्या आठवड्यात माझ्या भेटी संपल्या. निळा दिवा लागायची मी वाट बघत होते.

दहाव्या आठवड्यात एका रविवारी मी काकींचा डबा परत द्यायला गेले. नीरू कडेवर होती. काकी ओट्याशी बसून मटार सोलत होत्या, मला त्यांच्या भाच्याच्या लग्नातला मानपानाचा गोंधळ रंगवून सांगत होत्या. बोलता बोलता हात थांबला.

"आली बघ," त्या म्हणाल्या. कुणी ओळखीची पाहुणी दारात यावी तशा.

कपाळावर घाम फुटला. त्यांनी दोन्ही हातांनी गुडघा धरला, ओठ आत ओढले. दंडावरचा ताईत बारीक गुणगुणला. पाच मिनिटांनी चेहरा सैल झाला, मटारची शेंग पुन्हा हातात आली, पण लग्नाची गोष्ट कुठपर्यंत आली होती ते त्यांना आठवेना.

मी घड्याळ बघितलं. चार पस्तीस.

"रोज येते?"

"रोज. अगदी वेळेवर. सरकारी माणूस असता तर बक्षीस दिलं असतं."

नीरूला खाली ठेवून मी गुडघ्याला हात लावला. हाताच्या मागच्या बाजूने, आम्ही बघतो तसा. थंड होता, दुसऱ्या गुडघ्याइतकाच. सूज नाही. शिवणीची रेघ फिकी झालेली. वाकवून बघितला, एकशे अठरा अंश. इतका चांगला गुडघा मी त्या वर्षी दुसरा पाहिला नव्हता.

गुडघा बरा होता. दुखणं खरं होतं.

हे कसं होतं ते सांगते, कारण मलाही ते पुस्तकात वाचून माहीत होतं, डोळ्यांनी दिसायला काकी लागल्या. ही औषधं दुखण्याचा आवाज कमी करतात. पण शरीर हट्टी असतं. बाहेरून कुणी आवाज कमी करतंय म्हटल्यावर ते आतून वाढवायला लागतं. आठवड्यांमागून आठवडे गेले की बरा झालेला सांधाही दुखतो, चादरीचा स्पर्शसुद्धा बोचतो. ताईत ते प्रामाणिकपणे मोजतो आणि प्रामाणिकपणे थेंब वाढवतो. शरीर अजून वाढवतं. यात कुणीच खोटं बोलत नाही. शिवाय शरीरालाही वेळेची सवय लागते. सात आठवडे रोज साडेचारला काकींच्या अंगात औषध गेलं होतं. आता व्यायाम नसला तरी साडेचारला शरीर ते मागत होतं, आणि मागायची भाषा त्याला एकच येत होती. वेळ मी शिकवली होती.

"काकी, गुडघा बरा आहे हो," मी म्हणाले. "हे दुखणं गुडघ्याचं नाही, औषधाचं आहे."

"म्हणजे मी सोंग करते व्हय?"

"तसं नाही म्हणत मी."

"मग कसं म्हणतीस? घाम काय मी पाणी मारून आणला? तुझं मशीन सांगतंय ना दुखतंय म्हणून? मग आता मशीनपेक्षा तू शहाणी?" त्यांनी मटारचं भांडं पुढे ओढलं. "डबा ठेव तिथं. आणि पोरीच्या हातातली शेंग घे, नाकात घालेल."

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशीही नाही; दोन आठवड्यांहून जास्त काळ मी निरीक्षण नोंदवलं नाही. का ते सरळ लिहिते. निरीक्षणाच्या अर्जात सातवा प्रश्न होता: पेशंटच्या देखरेखीखाली लहान मुलं आहेत का? 'हो' म्हटलं आणि चौकशी लागली, की पाळणाघर त्याच दिवशी बंद. माझ्या हातात रोजचे सहा पेशंट होते. नवरा कुपवाडच्या कारखान्यात, पाळीवर. नीरूला ठेवायला दुसरं कुणी नव्हतं, आणि असतं तरी ती काकींकडून हललीच नसती. मी स्वतःला सांगत राहिले, आणखी आठवडाभर बघू. निळा दिवा लागेल.

दहाव्या दिवशी नीरूला खोकला झाला म्हणून अल्ताफभाई मुजावरांच्या दुकानात गेले. ताईतात बसणाऱ्या औषधाच्या कुप्या आमच्या भागात त्यांच्याकडूनच मिळत.

"काय ताई, पोरगी तुमच्यावर गेलीय. औषध बघूनच तोंड फिरवते," त्यांनी बाटली कागदात गुंडाळली. मग गिऱ्हाईक गेल्यावर हळूच म्हणाले, "चौगुल्यांच्या शकूकाकींकडं जाता ना तुम्ही?"

"का?"

"कुपी चौदा दिवस जायची. मग दहा. आता सहा." त्यांनी मागच्या पोलादी कपाटाकडे मान हलवली. "पूर्वी गोळ्या होत्या तेव्हा मी काय करायचो? असं कुणी लवकर आलं की म्हणायचो, माल संपलाय, उद्या या. आणि मधल्या वेळात डॉक्टरांना फोन. किती वेळा खोटं बोललोय, अल्लाला हिशेब द्यावा लागेल. आता ताईतच कुपी मागवतो, कपाट आपोआप उघडतं. खोटं बोलायलासुद्धा माझी गरज राहिली नाही."

"निरीक्षण नोंदवायचं ना मग."

"नोंदवलंय की. तीन आठवडे झाले. पडलंय तिथं."

त्यांनी खणातून एक छोटी पांढरी बाटली काढून माझ्यासमोर ठेवली. "हा नाकात मारायचा फवारा. श्वास बसायला लागला तर एका नाकपुडीत एकदा. औषधाचा असर उतरवतो. तेवढं देता येतं मला. पर्समध्ये ठेवा."

पुढच्या मंगळवारी दुपारी एक पेशंट गावाला गेला, मला दोन तास मोकळे मिळाले. नीरूला लवकर आणावं म्हणून एकच्या सुमाराला काकींकडे गेले. दार नुसतंच लोटलेलं होतं. आत सहा मुलं चटईवर ओळीने झोपलेली, प्रत्येकाच्या अंगावर त्याचं त्याचं पांघरूण. ताटं घासून पालथी घातलेली. काकी भिंतीला टेकून बसल्या होत्या, मान छातीवर. आणि त्यांच्या शेजारी नीरू जागी.

तिने दोन्ही हातांनी काकींचा अंगठा धरला होता. तो उचलून ती ताईतावर टेकवत होती. ताईत लाल होत होता. ती पुन्हा उचलायची, पुन्हा टेकवायची, आणि काकी करतात तसे ओठ आत ओढायची.

मला बघून तिने ओठांवर बोट ठेवलं. "काकीला बाऊ," ती कुजबुजली.

मी गुडघ्यांवर बसले आणि पूर्ण एक मिनिट काकींचा श्वास मोजला. आठ. निदान बारा हवे होते. एका हातात फवारा घट्ट धरला होता. दुसऱ्या हाताने त्यांचा खांदा हलवला.

"काकी! काकी, उठा!"

त्यांनी लगेच डोळे उघडले. "अगं, जरा डोळा लागला. कधी आलीस? जेवलीस?" मग नीरूकडे बघून हसल्या. "ही बया झोपत नाही बघ. माझ्यावर राखण ठेवते."

दोन मिनिटांत श्वास बारावर आला. सहाही मुलं ठीक होती. काही झालं नव्हतं. म्हणजे, ताईताच्या हिशेबात काही झालं नव्हतं. त्याने श्वास मंद झालेला ओळखला आणि औषध दिलं नाही. त्याने चोख काम केलं होतं.

संध्याकाळी मी घरी काकींच्या ताईताचा आलेख उघडला. जुनी फिजिओ म्हणून मला तो अजून दिसत होता. बारा पन्नास ते एक वाजून दोन: अकरा मागण्या, अकरा नाकारल्या. नीरूच्या अकरा मागण्या. आलेखात मला आणखी एक गोष्ट दिसली, जी मी आधी कधी नीट पाहिली नव्हती. दिवसभरात वेदनांकाला दोनदा खोल खड्डा पडत होता. सकाळी साडेआठला, मुलं येत तेव्हा. आणि बाराला, त्यांना भरवायच्या वेळी. तेव्हा तो विसाच्याही खाली जायचा, एक थेंबही न देता. मुलं चारला घरी जात. साडेचारला तो आकाशाला भिडायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी आलेखाखाली एक ओळ आली. ताईतात श्वासाचं गणित एक भाग करायचा आणि मागण्यांचं दुसरा. दुसऱ्या भागाला अंगठा कुणी उचलला ते कळत नव्हतं. 'पेशंटच्या मागण्या वारंवार अपुऱ्या राहत आहेत. दैनिक मर्यादा पंधरा टक्क्यांनी वाढवण्याची शिफारस.' दुपारी तिच्यापुढे शब्द उमटला: 'मंजूर.'

माझ्या लेकीने मायेने अंगठा दाबला होता, आणि काकींचं औषध वाढलं होतं.

मी वायदंडे सिस्टरांना फोन लावला. त्या आठवड्याला एकदा काकींचं बीपी बघायला जात. त्यांनी अख्खं आयुष्य वॉर्डात काढलेलं, बोलणं टाके काढल्यासारखं.

"सिस्टर, शकूकाकींबद्दल निरीक्षण नोंदवायला हवं. तुम्ही..."

"पाच आठवडे झाले नोंदवून. डोळ्यांच्या बाहुल्या बारीक झाल्यात तिच्या, बोलता बोलता पेंगते. पण माझं एकटीचं कोण बघतंय? तू नोंदवलंस की नाही?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"अल्ताफनंबी नोंदवलं असणार, मी ओळखते त्याला," त्या म्हणाल्या. "म्हणजे दोन पडून आहेत. अगं गौतमी, मग एवढे दिवस कुणासाठी अडलं होतं?"

नीरूला पाळण्यात घालून मी अर्ज भरायला बसले. एका हाताने दोरी ओढत होते, एका हाताने लिहीत होते. सगळं लिहिलं. साडेचारची वेळ मीच शिकवली तेही लिहिलं. मुलीने अंगठा उचलला तेही लिहिलं. मुलं असताना वेदनांक उतरतो हे लिहायला रकाना नव्हता, म्हणून 'इतर' खाली लिहिलं. सातव्या प्रश्नाला 'हो' लिहिलं आणि अर्ज पाठवला. नीरू झोपली होती तरी बराच वेळ दोरी ओढत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला पाळणाघराचा परवाना स्थगित झाला. मुलं आत असताना. एक बाई कागद घेऊन आल्या, सात आयांना फोन गेले, आणि आम्ही सात जणी कामावरून धावत येऊन आपापलं मूल उचलून घेऊन गेलो. काकी दारात उभ्या होत्या. एकेका मुलाच्या पिशवीत त्याची पाण्याची बाटली आठवणीने टाकत होत्या. माझी पाळी आली तेव्हा त्यांनी नीरूची बाटली माझ्या हातात दिली नाही, कट्ट्यावर ठेवली.

"तू लिहिलंस व्हय?"

"हो काकी."

"मला सांगायचंस तरी. मी आपण होऊन बंद केलं असतं गं. असं पोरांच्या देखत..." नीरू माझ्या कडेवरून त्यांच्याकडे दोन्ही हात पसरून ओरडत होती. त्यांनी ते हात धरले नाहीत.

तपासणी त्याच आठवड्यात झाली. तिसरं निरीक्षण माझं होतं म्हणून मला हजर राहता आलं. डॉ. हेरवाडकर चांगले डॉक्टर आहेत. ऑपरेशन त्यांनीच केलं होतं. त्यांनी काकींना समोर बसवलं, बाहुल्या बघितल्या, गुडघा वाकवला, कपाळाला हात लावला.

"चूक माझी आहे आजी," ते म्हणाले. "माझ्याकडे अकराशे ताईत आहेत. रोज चाळीस शिफारशी येतात, मी 'मंजूर' दाबत जातो. तुमची मला दिसायला हवी होती." मग माझ्याकडे वळले. "तुम्ही नोंदवलंत ते बरं केलंत."

त्यांनी औषध एकदम तोडलं नाही. दर पाच दिवसांनी थोडं थोडं कमी, चार महिन्यांत शून्य, अशी पद्धतशीर उतरंड ताईतात घातली. पुस्तकात लिहिली आहे तशीच.

"सर," मी म्हणाले, "साडेचारला काकींजवळ कुणीतरी असायला हवं. आलेख बघा ना. मुलं असतात तेव्हा वेदनांक आपोआप उतरतो. आणि आता मुलंच..."

त्यांनी आलेख बघितला. खरंच बघितला, सकाळच्या खड्ड्यावर बोट ठेवून, दुपारच्या खड्ड्यावर बोट ठेवून.

"खरं आहे तुमचं," ते म्हणाले. "पण मी हे लिहू कुठे?"

बाहेर पुढचा पेशंट खोकत होता.

त्यानंतर काकी माझ्याशी बोलेनाशा झाल्या. मी तीनदा गेले, तिन्ही वेळा दार उघडलं नाही. वायदंडे सिस्टर जाऊन येत आणि मला थोडक्यात सांगत: झोप नाही. उलट्या. भिंतीशी भांडते. अल्ताफभाईंनी निरोप दिला की कुपी आता अकरा दिवस जाते. आवाजात आनंद होता, आणि तो त्यांनी लगेच आवरला. मी दोन पेशंट सोडले. नीरूला बरोबर घेऊन उरलेल्या चार घरी जायला लागले. ती लोकांच्या पलंगाशी उभी राहून माझं काम बघायची. कुणी कण्हलं की त्यांच्या दंडावर ताईत शोधायची.

एकविसाव्या दिवशी, चार वाजून वीस मिनिटांनी, फोन वाजला.

"गौतमे." आवाज ओळखू येत नव्हता. "येतीस काय? काही करू नको. नुसती बस येऊन."

नीरूला ठेवायला कुणी नव्हतं. तिला घेऊनच गेले.

दार उघडं होतं. काकी चटईवर बसल्या होत्या, त्याच भिंतीला टेकून. चेहरा उतरलेला, केस नीट विंचरलेले. माझ्याकडे बघितलं नाही, पण सरकून जागा केली. मी शेजारी बसले. नीरू त्यांच्यासमोर उभी राहून त्यांना नीट न्याहाळत होती. तीन आठवडे दोन वर्षांच्या मुलीला फार मोठे असतात.

साडेचार वाजले.

कळ आल्याचं काकींनी मला सांगितलं नाही, पण मला दिसलं. बोटं गुडघ्यावर रुतली. घाम मानेवरून गळ्यात उतरला. ताईत मोजत होता, गुणगुणत नव्हता. उतरंडीत या वेळेचा थेंब बसत नव्हता. मी माझे दोन्ही हात त्यांच्या गुडघ्यावर ठेवले. गुडघा थंड होता. बरा होता. माझ्या हातांना तिथे करण्यासारखं काही नव्हतं, तरी मी ते काढले नाहीत.

"श्वास सोडा काकी. हळू. माझ्याबरोबर."

"मोजू नको गं," त्या दातांमधून म्हणाल्या. "सगळे नुसते मोजतात."

मी मोजणं थांबवलं.

नीरू पुढे आली. तिने काकींचा हात दोन्ही हातांनी उचलला, अंगठा शोधला, आणि तो ताईतावर नेला. मी तिचा हात पकडला. एकेक मागणी आता उतरंडीत मोजली जात होती. पाच-सहा मागण्या झाल्या की उतरंड थांबायची आणि ताईत पुन्हा शिफारस करायचा.

"नको बाळा."

"काकीला बाऊ आहे," तिने मला समजावून सांगितलं.

"हो."

"खूप बाऊ आहे?"

काकींनी डोळे मिटले होते. मिटलेल्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि ते त्या पुसत नव्हत्या, कारण एक हात गुडघ्यावर होता आणि दुसरा नीरूच्या हातात.

"हो. खूप."

नीरूने माझ्याकडे बघितलं, ताईताकडे बघितलं, पुन्हा माझ्याकडे.

"मग?"

घड्याळात चार चाळीस झाले होते. कळ उतरायला पाच वाजायचे. मी तिचा हात धरून ठेवला, तिने काकींचा, आणि आम्ही तिघी तशाच बसून राहिलो.